'लिलिओम': पडलेल्या नाटकाचे पुनरुत्थान

फेरेन्त्स मोल्नार यांचे 'लिलिओम' १९०९ साली बुडापेस्टमध्ये रंगभूमीवर आले, तेव्हा प्रेक्षकांनी ते नाकारले. १९२१ साली न्यूयॉर्कच्या थिएटर गिल्डने त्याला यश मिळवून दिले. १९४५ साली रॉजर्स व हॅमरस्टाइन यांनी त्यावरून 'कॅरोसेल' ही संगीतिका रचली. तिचे ८९० प्रयोग झाले.

मूळ नाटकात आत्मघात केलेला नायक सोळा वर्षे अग्नीत शुद्ध होऊन एका दिवसासाठी पृथ्वीवर येतो, मुलीवर हात उगारतो आणि हरून परततो. संगीतिकेत हात उगारूनही तो अखेरीस तिला उभारी देऊन जातो. ही आशा सुखावते. परंतु दोन्हींत पत्नीला झालेली मारहाण प्रेमाच्या पांघरुणाखाली झाकली जाते, हे खटकते. क्षमा म्हणजे अन्यायाला दिलेले गोड नाव नव्हे.