टोपीतला तुरा आणि घरट्यातली पिल्लं

पावसाळ्यात भांडुप-मुलुंडच्या खाडीकडे गेलात, तर छोट्या बगळ्याकडे नीट बघा. एरवी साधा पांढरा दिसणारा हा पक्षी विणीच्या काळात नटतो. डोक्यामागे दोन लांब पिसं येतात, पाठीवर झिरझिरीत तुरे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बगळ्यांचे हेच तुरे युरोप-अमेरिकेत बायकांच्या टोप्यांवर मिरवत होते. वजनाला सोन्याहून महाग! भारतातूनही ते जायचे.

ही गोष्ट आपण दोन वाक्यांत संपवतो: फॅशनपायी पक्षी मेले, मग कायदा आला आणि वाचले. माझा आक्षेप दोन्ही वाक्यांना आहे.

पहिल्यात हिशेब अपुरा आहे. तुरे येतात ते विणीच्या काळात, म्हणजे शिकारी थेट घरट्यांपाशी पोचणार. त्यात बगळे वसाहतीनं घरटी करतात, त्यामुळे सगळे एकाच जागी सापडतात. आईबाप गेले की पिल्लं उपाशी मरतात. व्यापाऱ्याच्या वहीत पिसांचं वजन असायचं, पिल्लांसाठी रकानाच नव्हता.

आता कायदा. १८८७ च्या वन्यपक्षी संरक्षण कायद्यात विणीच्या काळाचा विचार होता, म्हणजे मुद्दा कळला होता. पण त्याचा अंमल नगरपालिका आणि छावण्यांच्या हद्दीपुरता. गावतळ्याकाठची घरटी बाहेरच राहिली. १९०२ मध्ये रानपक्ष्यांची कातडी आणि पिसं निर्यात करायला बंदी आली, ती बंदरावर. लंडनमध्ये गिऱ्हाईक होतंच, त्यामुळे माल चोरून जात राहिला. ब्रिटननं आयातबंदीचा कायदा केला १९२१ मध्ये. मधली १९ वर्षं कोणाच्या खात्यात टाकायची? आणि ‘बायकांची हौस’ म्हणून मोकळं होऊ नका. या व्यापाराविरुद्ध १८८९ मध्ये इंग्लंडमध्ये संघटना उभी केली ती बायकांनीच.

म्हणून ‘किती मारले’ एवढंच विचारून भागत नाही; कधी आणि कुठे, हेही विचारायला हवं.

आज तुऱ्यांसाठी इथे कोणी बगळे मारत नाही. पण आमच्या शेजारच्या एका सोसायटीनं विष्ठेचा वास येतो म्हणून भर जुलैत झाडाच्या फांद्या छाटल्या. खाली पिल्लं पडली होती. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार पक्ष्यांच्या घरट्यांना धक्का लावणं हीसुद्धा शिकारच. कायदा अखेर घरट्यापर्यंत पोचलाय. आपणच फांदीखाली उभे राहून वर बघत नाही.