चिमण्या मोजल्या कोणी?

दरवर्षी २० मार्चला अनेक शाळांतून चिमणी दिन साजरा होतो. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून ही प्रथा पडली. फळ्यावर चित्र निघते, झाडाला पाण्याची वाटी टांगली जाते आणि निबंधात एक वाक्य हमखास येते: मोबाईलच्या मनोऱ्यांमुळे चिमण्या नाहीशा झाल्या. हे कोणी मोजले, कसे मोजले, असे विचारणारा विद्यार्थी मात्र क्वचितच भेटतो. वास्तविक चिमण्यांची स्थिती तपासण्याचे दोन मोठे प्रयत्न आपल्या देशात सामान्य नागरिकांच्या मदतीने झाले आहेत. त्यांचे मोल काय आणि उणिवा कोणत्या, हे जालन्यासारख्या जिल्ह्यातील शिक्षकाच्या जागी उभे राहून येथे पाहू.

पहिला प्रयत्न २०१२ सालचा 'सिटिझन स्पॅरो'. नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनमधील जीवशास्त्रज्ञ सुहेल कादर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इतर संस्थांच्या साहाय्याने तो राबवला. तुमच्या भागात आज चिमणी दिसते का आणि पूर्वी दिसत होती का, एवढेच नागरिकांना विचारले होते. पाच हजारांहून अधिक लोकांनी दहा हजारांवर नोंदी पाठवल्या. जुन्या काळच्या चिमण्यांची पद्धतशीर मोजणी कोणी केलेली नसताना लोकांच्या आठवणींचा उपयोग करून घेण्याची कल्पना निश्चितच चांगली होती.

पण आठवण म्हणजे मोजमाप नव्हे. बालपणीच्या अंगणात चिमण्या नेहमीच जास्त असतात. शिवाय ज्याच्या घरातून चिमणी गेली त्यालाच उत्तर देण्याची ओढ अधिक. ज्याच्या वळचणीला ती आजही घरटे बांधते, त्याला त्यात सांगण्यासारखे काही वाटत नाही. त्यामुळे अशा पाहणीतून घट प्रत्यक्षाहून मोठी दिसण्याचा धोका राहतो.

दुसरा प्रयत्न याहून भक्कम पायावर उभा आहे. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स' या नावाने भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचे अहवाल २०२० आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. दुसऱ्या अहवालासाठी सुमारे तीस हजार पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदी वापरल्या आणि ९४२ जातींचा विचार केला. पद्धत समजायला सोपी आहे. निरीक्षकाने ठरावीक वेळ एका ठिकाणी थांबून किंवा फिरून, ओळखता आलेल्या सर्व पक्ष्यांची यादी करायची. कावळा आणि चिमणीही सोडायची नाही. अशा शंभर याद्यांपैकी साठ याद्यांत चिमणी असेल तर तिचे प्रमाण साठ टक्के. हे प्रमाण वर्षागणिक कसे बदलते ते पाहायचे. यादी पूर्ण असल्यामुळे चिमणीचे नाव नसणे हीसुद्धा माहिती ठरते. येथे आठवणीवर विसंबावे लागत नाही.

२०२० च्या अहवालाने चिमणीविषयी काय सांगितले? देशभराचा विचार करता गेल्या सुमारे पंचवीस वर्षांत तिची स्थिती साधारण स्थिर आहे. मोठ्या महानगरांत मात्र ती घटली आहे. मनोऱ्यांतील प्रारणांना दोष देण्याजोगा सबळ पुरावा मिळालेला नाही. कीटकांची आणि घरट्यांच्या जागांची कमतरता ही कारणे अधिक संभवनीय आहेत. म्हणजे निबंधातले ते वाक्य दोन्ही अंगांनी तपासून घ्यायला हवे.

मग आमची तक्रार कशाबद्दल? एक तर यादीत चिमणी आहे की नाही एवढेच या प्रमाणातून कळते. पन्नासांचा थवा पाचांवर आला तरी यादीत चिमणी राहतेच. सर्वत्र आढळणाऱ्या पक्ष्याची घट अशा मापाला उशिरा जाणवते.

दुसरी गोष्ट जागेची. याद्या तेथेच होतात जेथे पक्षीनिरीक्षक जातात. जालन्यात असा हौशी माणूस आला तर तो मोती तलावाकडे किंवा घाणेवाडीच्या जलाशयाकडे वळेल. धान्याच्या मोंढ्यात किंवा नव्या वसाहतीच्या गल्लीत कशाला थांबेल? त्याच्या यादीवरून बदकांविषयी पुष्कळ कळेल, चिमणीविषयी थोडेच. महानगर आणि जंगल यांच्यामध्ये जी शेकडो मध्यम शहरे आहेत, त्यांना देशाच्या सरासरीत स्वतःचा आवाज मिळत नाही. नोंदी विषम असल्याचे अहवालकर्ते जाणतात आणि गणितात तशी काळजीही घेतात. पण जी नोंद झालीच नाही, ती कोणतेही गणित निर्माण करू शकत नाही.

तिसरी गोष्ट आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते. अशा उपक्रमांत प्रश्न शास्त्रज्ञ ठरवतात, नागरिक माहिती पुरवतात. १९९० च्या दशकात माधव गाडगीळ यांनी लोकांच्या जैवविविधता नोंदवह्यांची कल्पना पुढे नेली, तिच्यात गावकरी स्वतः जाणकार होता. २००२ च्या कायद्याने ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत जैवविविधता समित्या अनिवार्य केल्या. पण नोंदवही एकदा भरून कपाटात ठेवली की तिच्यातून बदल कळत नाही. देशव्यापी यादीत सातत्य आहे, नोंदवहीत स्थानिक जाण आहे. या दोहोंची सांगड घालणारा माणूस म्हणजे शिक्षक.

हे केवळ बोलण्यापुरते नाही. झाडांच्या ऋतुचक्राची नोंद करणाऱ्या 'सीझनवॉच' उपक्रमात सर्वाधिक नोंदी केरळमधून आल्या, कारण तेथील शाळा आणि शिक्षक त्यात उतरले.

जालन्यापुरता एक प्रश्न घेऊ. मराठवाड्यातल्या जुन्या माळवदाच्या घरांत कोनाडे, वळचणी आणि भिंतींतली भोके असत. सिमेंटच्या घरांत ती राहिली नाहीत. चिमणी धान्य खाते, पण पिलांना मुख्यतः कीटक भरवते. तेव्हा धान्य मुबलक असलेला मोंढा, जुनी वस्ती आणि नवी वसाहत या तीन ठिकाणी चिमण्यांत काय फरक दिसतो? विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी ठरलेल्या वेळी पंधरा मिनिटे उभे राहून मोजावे. चिमण्यांची संख्या, चोचीत काडी की अळी, घरट्याची जागा, एवढेच लिहावे. एकही चिमणी न दिसल्यास शून्य लिहावे. शून्य लाजिरवाणे नाही. सोबत इतर पक्ष्यांची यादी पूर्ण केली तर तीच नोंद देशाच्या संग्रहातही जाऊ शकेल.

एका वर्षात मोठा निष्कर्ष निघणार नाही, आणि काढूही नये. पण पुढच्या २० मार्चला मनोऱ्याचे वाक्य लिहिण्यापूर्वी एखादी मुलगी आपली वही उघडून पाहील. आमच्या दृष्टीने तो दिवस खरा चिमणी दिन होय.