‘टायमिंग मिळवणे’ : एका क्रियापदाची चिकित्सा

मेहरूण हे नाव महाराष्ट्रास परिचित आहे ते तेथील तलावामुळे आणि बोरांमुळे. जळगावच्या या भागातील एखाद्या जुन्या गॅरेजात अ‍ॅम्बॅसेडर अथवा प्रीमियर पद्मिनी दुरुस्तीस उभी असली, की ‘टायमिंग मिळवणे’ हा शब्दप्रयोग कानी पडल्यावाचून राहत नाही. एंजिन गाडीतून न उतरवता त्यातील कॅमशाफ्टचे फिरणे क्रँकशाफ्टच्या फिरण्याशी जुळवून देणे, या नाजूक कामास कारागिरांनी दिलेले हे नाव. त्याची चिकित्सा केल्यास मराठी तांत्रिक गद्याची एक उणीव ध्यानी येते.

या गद्याविषयीची चर्चा आजवर बहुतांशी परिभाषेभोवतीच फिरत राहिली. दाते-कर्वे यांचा ‘शास्त्रीय परिभाषा कोश’ (१९४८), १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि १९७६ साली ज्याचा पहिला खंड निघाला तो मराठी विश्वकोश, या सर्वांचे ऋण थोर आहे. परंतु कोशाचे कार्य मुख्यत्वे नामे पुरवण्याचे. ‘पिस्टन’ म्हणावे की ‘दट्ट्या’, या वादात तो दट्ट्या कोणत्या बाजूने व कोठवर न्यावा हे सांगणारी वाक्ये लिहावयाची राहून गेली. नामांची इतकी चिंता वाहणाऱ्या अभ्यासकांनी क्रियापदांकडे पाठ फिरवावी, हे विलक्षणच होय.

उपर्युक्त दोन्ही गाड्यांच्या जुन्या एंजिनांत कॅमशाफ्ट सिलिंडरांच्या ठोकळ्यातच असतो. क्रँकशाफ्ट त्यास साखळीने फिरवतो, आणि तो उभ्या दांड्यांच्या द्वारा झडपा उघडतो. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. साखळीच्या दोन्ही चक्रांवर खुणा असतात. त्या परस्परांसमोर आणून साखळी चढवली की टायमिंग मिळाले. ‘मिळवणे’ हे क्रियापद येथे चपखल बसते. तथापि ते दोन दृश्य खुणांवर विसंबून आहे, आणि जुन्या गाडीत नेमक्या त्या खुणाच दगा देतात. वापराने साखळी लांबते. खुणा समोरासमोर दिसत असूनही कॅमशाफ्ट काही अंश मागे पडतो, आत घेणारी झडप उशिरा मिटते, आणि मंद गतीत सिलिंडरात आलेले मिश्रण थोडे माघारी ढकलले जाते. मग चाळीसगावहून कन्नडकडे जाणाऱ्या घाटात गाडी ‘ओढत नाही’, आणि दोष बिचाऱ्या कार्ब्युरेटरच्या माथी येतो. साखळी एक दाता सरकवून हा फरक भरून काढता येत नाही. उदाहरणार्थ, २० व ४० दात्यांची चक्रे घेतली तर एक दाता म्हणजे कॅमशाफ्टचे ९ व क्रँकशाफ्टचे तब्बल १८ अंश. झिजेचा फरक याहून पुष्कळच लहान असतो.

येथे मिळवणे संपते व शोधणे सुरू होते. रेडिएटर काढून क्रँकशाफ्टच्या पुलीवर अंशांची तबकडी बसवतात आणि जवळच तारेचा काटा पक्का करतात. यानंतर पहिला दट्ट्या ‘वर आणावा’ असे लिहिले, तर ते वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष, परंतु व्यवहारात निरुपयोगी ठरेल. माथ्याशी दट्ट्या जवळजवळ थबकतो. क्रँकशाफ्ट कित्येक अंश फिरला तरी त्याची हालचाल डोळ्यांस वा बोटांस जाणवत नाही. म्हणून कारागीर सर्व प्लग काढून पहिल्या प्लगच्या भोकात दट्ट्यास वाटेत अडवणारा बोल्ट बसवतो. एका दिशेने फिरवत दट्ट्या हलकेच त्यास टेकवून अंश टिपतो, उलट दिशेने पुन्हा टेकवून अंश टिपतो. या दोहोंच्या बरोबर मध्यावर खरा माथा. जी स्थिती ‘सर्वोच्च’ या एका विशेषणाने लेखक उरकून टाकतो, ती प्रत्यक्षात कधी दिसतच नाही. माथा नसलेल्या दोन जागांवरून ती अनुमानावी लागते.

हीच युक्ती पुढे कॅमच्या माथ्यासाठी वापरतात. बोल्ट काढून झडपेच्या दांड्यावर मापक घड्याळ टेकवतात, कमाल उचलीच्या अलीकडे व पलीकडे सारखीच उचल कोठे येते ते अंश टिपतात, आणि त्यांचा मध्य काढतात. मात्र या वेळी उलट फिरवणे वर्ज्य. माघारी फिरवले की साखळीचा ढिलेपणा दुसऱ्या बाजूस जातो आणि माप खोटे ठरते. एका मापात उलट फिरवल्यावाचून चालत नाही, दुसऱ्यात उलट फिरवून चालत नाही. आणि मराठी लेखनात दोन्हीस ‘फिरवावे’ हेच एक क्रियापद! एंजिन गाडीतच असल्याने यात आणखी एक गंमत आहे. अ‍ॅम्बॅसेडरचे हँडल क्रँकशाफ्टला सुलट दिशेनेच धरते, उलट फिरवताच सुटते. सबब उलट दिशेसाठी गाडी वरच्या गिअरमध्ये घालून हातांनी हळूच मागे ढकलावी लागते. टेबलावर मांडलेल्या एंजिनाच्या वर्णनात ही अडचण येणारच नाही, आणि पाठ्यपुस्तकांतील एंजिने बहुधा टेबलावरच असतात.

कारागिरांची भाषा सर्वस्वी निर्दोष आहे असेही नव्हे. ‘टायमिंग’ या एकाच शब्दाने ते झडपांचा मेळ आणि ठिणगीचा मेळ दोन्ही दर्शवतात. त्यातच दट्ट्या चार धावांत दोनदा माथ्यावर येतो. त्याच्या दोन्ही झडपा मिटल्या आहेत की चौथ्याच्या, हे न पाहता डेल्को, म्हणजे डिस्ट्रिब्यूटर, बसवला तर ठिणगी क्रँकशाफ्टच्या एका पूर्ण फेऱ्याने चुकते. येथे कोशकारांची काटेकोर दृष्टी गॅरेजास खचित उपकारक ठरेल.

१९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली, तेव्हा खानदेशातील शेताची व जात्याची बोली मराठी समीक्षेच्या कक्षेत आली. गॅरेजच्या बोलीस तो मान अद्याप लाभलेला नाही. दरम्यान अ‍ॅम्बॅसेडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. जी गाडी आज कोणी हौसेने राखतो, तिच्या उघड्या बॉनेटपाशी मालक इंग्रजी पुस्तिका धरून उभा असतो आणि कारागीर हँडल धरून. पुस्तिकेतील अंश क्रँकशाफ्टचे की कॅमशाफ्टचे, हे एकाने दुसऱ्यास मराठीत सांगावयाचे असते, आणि नेमके तेथेच दोघे अडखळतात.