ओझे कोणाचे, व्याख्या कोणाची?

कायद्याचे विधेयक हा समीक्षेचा विषय होऊ शकतो का, असे कोणी विचारले तर मी माथाडी कायद्याचे उदाहरण देईन. दंड, शिक्षा, कार्यपद्धती हे वकिलांनी पाहावे. पण आरंभी येणारे व्याख्यांचे कलम हे शेवटी भाषेचे काम असते. कोणाला कामगार म्हणायचे ते तिथे ठरते, आणि ज्याला ते नाव मिळत नाही त्याच्यासाठी पुढची सगळी कलमे बंद होतात. महाराष्ट्र विधानसभेत २०२३ साली आलेले ३४ क्रमांकाचे दुरुस्ती विधेयक मी १९६९च्या मूळ कायद्याशेजारी ठेवून वाचले, ते या कारणाने.

माथाडी हा शब्दच माथ्यावरून आला. मुंबईच्या मशीद बंदरातल्या घाऊक बाजारात साताऱ्या-सांगलीच्या डोंगरी भागातून आलेली माणसे पोती वाहत. आज या गाळ्यावर, उद्या त्या. गाडी लागली की काम, नाही तर बसून राहायचे. या माणसाचा मालक कोण? व्यापारी म्हणणार, टोळी मुकादमाची आहे. मुकादम म्हणणार, माल व्यापाऱ्याचा आहे. मालकच सिद्ध होत नाही, म्हणून भविष्यनिर्वाह निधी नाही, रजा नाही, पाठ मोडली तर भरपाई नाही. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांची संघटना आणि पुण्यात बाबा आढाव यांची हमाल पंचायत ज्या प्रश्नाशी झगडत होत्या, तो मजुरीच्या दराइतकाच या बेपत्ता मालकाचा होता.

१९६९च्या कायद्याने या प्रश्नाला दिलेले उत्तर आजही थक्क करते. त्याने मालक शोधण्याचा नाद सोडला. या कायद्याचा ‘कामगार’ थेट नेमलेला असेल किंवा कोणामार्फत आलेला. त्याला वेतन मिळत असेल किंवा नसेल. इतकेच नव्हे, कोणीही नोकरीवर ठेवलेला नसून केवळ मालकाच्या परवानगीने वा त्याच्याशी ठरवून काम करणारा माणूसही त्यात येतो. नाते माणसाचे मालकाशी पाहिले नाही, कामाशी पाहिले. ज्याचा माल उचलला जातो त्याने मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही मंडळात भरायची. मंडळाने मजुरी वाटायची आणि लेव्हीतून निधी, बोनस, रजा, औषधपाणी पाहायचे. मंडळावर मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी सारख्या संख्येने. गोदी कामगारांसाठी १९४८ साली केंद्राने केलेल्या कायद्याची वाट समोर होतीच. महाराष्ट्राने ती बंदराच्या फाटकातून बाहेर, बाजारात आणली.

दुरुस्ती विधेयकाचा रोख नेमका या व्याख्येवर आहे. यंत्राच्या साहाय्याविना, केवळ अंगमेहनतीने केलेले काम तेवढे संरक्षणाचे. यंत्राची मदत घेतली की ते काम बाहेर, असा त्याचा आशय आहे. हमालांच्या संघटनांनी त्याला विरोध केला तो यामुळे.

विधेयकामागची मालकांची तक्रार खोटी नाही. कारखान्याच्या दारात टोळी उभी राहते, हात न लावलेल्या मालाची हमाली मागते, नाही दिली तर गाडी अडवते, हे औद्योगिक वसाहतींत घडत आले आहे. लहान उद्योजकाला असा एक दिवस महाग पडतो. ‘वाराई’वरून मालमोटारवाल्यांशी होणारी भांडणे बाजार समित्यांना जुनीच आहेत. खऱ्या माथाडीचे नाव यात बदनाम होते, हे त्यांच्या संघटनाही सांगतात. पण खंडणी हा गुन्हा आहे. त्याला फौजदारी कायदा आहे, पोलीस आहेत. गुन्हेगार सापडत नाही म्हणून कामगाराची व्याख्या आखडती घेणे, हे चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यासारखे आहे. दारात उभ्या राहणाऱ्या गुंडाला व्याख्या बदलल्याने काय फरक पडणार? तो पहिल्यापासून व्याख्येबाहेरच आहे.

माझा मुख्य आक्षेप मात्र तर्काचा आहे. मूळ कायद्याने संरक्षणाचे कारण मानले ते कामाची अशाश्वती. विधेयकाने ते कारण बदलून यंत्राचा अभाव हे धरले. दोन्ही एक नव्हेत. फोर्कलिफ्ट आली म्हणून टोळीतला माणूस कायम नोकरीत जात नाही. थप्पीचा वरचा थर, फाटलेले पोते, टेम्पोच्या आतला कोपरा इथे हातच लागतात. आणि यंत्र म्हणजे नेमके काय? ढकलगाडी यंत्र आहे का? सरकता पट्टा?

यातून निघणारा परिणाम मला सर्वांत क्रूर वाटतो. एका प्रौढ पुरुषाने ५५ किलोपेक्षा अधिक ओझे उचलू नये, अशी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची १९६७ची शिफारस आहे. आपल्याकडे शंभर किलोचे पोते पन्नासवर आणायला हमालांना लढावे लागले. म्हणजे पाठीचा कणा वाचवणारे यंत्र सर्वांत आधी हमालालाच हवे. विधेयक त्याला सांगते: यंत्र घेतलेस तर निधी गमावशील, निधी हवा असेल तर पाठीवर घे. मालकाला मिळणारा संदेशही स्पष्ट आहे. एक यंत्र आणून ठेवावे, लेव्हीतून सुटावे.

हे होत असताना मंडळ आणि लेव्ही यांची तीच जुनी कल्पना दुसरीकडे नव्याने उगवते आहे. राजस्थानने २०२३ साली आणि त्यानंतर कर्नाटकाने मोबाइलवरच्या मागणीनुसार घरपोच माल देणाऱ्या, प्रवासी नेणाऱ्या कामगारांसाठी कायदे केले. तिथेही कंपनी म्हणते, हे आमचे नोकर नव्हेत, भागीदार आहेत. म्हणून त्या कायद्यांनीही मालक सिद्ध करण्याच्या वादात न अडकता प्रत्येक व्यवहारावर शुल्क आणि कल्याण मंडळ ही वाट धरली. मशीद बंदरातल्या पोत्याचे आणि दुचाकीवरल्या पिशवीचे दुखणे एकच आहे.

जी कल्पना महाराष्ट्राने पन्नास वर्षांपूर्वी मांडली, ती इतर राज्ये पुढे नेत असताना आपण तिचा अर्थ आक्रसत आहोत. सुधारायचेच असेल तर मंडळांची वसुली, नोंदणीतला खरेपणा आणि हिशेबातला उघडेपणा सुधारावा. मालकाला न उचललेल्या मालाची हमाली द्यावी लागू नये, अशी पक्की सोय करावी. व्याख्येला मात्र हात लावू नये. ‘कोणीही नोकरीवर ठेवलेला नसला तरी तो कामगार आहे’ हा त्या कायद्याचा आशय आहे. मराठी समाजाने विसाव्या शतकात केलेल्या महत्त्वाच्या विधानांत मी त्याची गणना करतो.