चवाठ्यावरील मौन

प्रार्थना करावयाची ती खोलीत जाऊन, दार लावून, असा प्रभूचा स्पष्ट आदेश आहे (मत्तय ६:५-६). लोकांनी पाहावे म्हणून चवाठ्यावर उभे राहून प्रार्थना करणाऱ्यांस त्याने ढोंगी म्हटले. असे असता क्वेकर पंथाचे लोक ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, सरकारी कचेरीसमोर किंवा लष्करी तळाच्या फाटकाशी निःशब्द उभे राहतात आणि त्यास शांततेसाठी केलेली प्रार्थना म्हणतात. ही प्रार्थना होय की निदर्शन? हा प्रश्न आमच्या पाळकबंधूंस व कॅटेकिस्टांस परका नाही. मंडळीतील तरुण शांतिफेरी काढण्याची परवानगी मागू लागले की तोच आपल्या दारात येऊन उभा राहतो. म्हणून या प्रथेचे परीक्षण करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथेचे मूळ आधी पाहू. मूळ पद्धतीच्या क्वेकर सभेत दीक्षित पाळक नसतो, ठरीव प्रार्थना नसते. पवित्र आत्म्याची प्रेरणा होईपर्यंत सर्वजण मौन धरून बसतात. १६६१ साली या पंथाने इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्यापुढे जाहीरनामा ठेवून सर्व युद्धांचा व शस्त्रांचा त्याग घोषित केला. १६७० साली लंडनमधील ग्रेसचर्च स्ट्रीटवरील त्यांच्या सभागृहास सैनिकांनी बंदी केली, तेव्हा विल्यम पेन याने बाहेर रस्त्यावरच उपदेश केला व त्यासाठी खटला सोसला. तात्पर्य, रस्त्यावरील उपासना त्यांनी हौसेने पत्करली नाही. दार बंद झाले म्हणून ते रस्त्यावर आले.

आधुनिक काळातील एक उदाहरण विशेष बोलके आहे. अमेरिकेत मेरीलँड राज्यातील फ्रेडरिक या गावी फोर्ट डेट्रिक येथे सैन्याचे जंतुयुद्धाचे संशोधन चाले. १९५९ च्या जुलै महिन्यात लॉरेन्स स्कॉट या क्वेकर गृहस्थाच्या पुढाकाराने त्या तळाच्या फाटकाबाहेर मूक जागर सुरू झाला आणि तो १९६१ पर्यंत चालू राहिला. घोषणा नाहीत, वाट अडविणे नाही. कामावर जाणाऱ्या-येणाऱ्या शास्त्रज्ञांच्या व कामगारांच्या दृष्टीस पडेल असे केवळ उभे राहणे. जागर संपला तेव्हा तळावरील काम पूर्ववत चालूच होते. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी जंतुशस्त्रांचा त्याग जाहीर केला तो १९६९ च्या नोव्हेंबरात. त्या निर्णयास राजकीय व लष्करी कारणे पुष्कळ होती. त्याचे श्रेय जागरास देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

आमच्या मते या प्रथेचे सामर्थ्य नेमके येथेच आहे. दानीएलाने खिडक्या उघड्या ठेवून दिवसातून तीनदा प्रार्थना केली (दानीएल ६:१०). ती लोकांस दिसत होती, तरी ढोंग नव्हती; कारण राजाज्ञा निघण्यापूर्वीही त्याचा हाच नित्यक्रम होता. लोकांस दाखविण्यासाठी उभा राहणारा मनुष्य पाहणारे पांगले की घरी जातो. पाहणाऱ्यांस सवय होऊन ते मानही वळवीनासे झाले, वर्तमानपत्रे विसरली, पाऊस आला, तरीही जो त्याच जागी उभा राहतो त्याचा श्रोता कोण उरला? देवच. म्हणून अशा जागराचा नियमितपणा हा केवळ व्यवस्थेचा भाग नव्हे. प्रभूने सांगितलेले ते बंद दार होय, असे आम्हांस वाटते. गेथशेमानेत शिष्यांकडून प्रभूने मागितले ते तासभर जागे राहणे एवढेच, आणि तेवढेही त्यांना साधले नाही.

तथापि दोन उणिवा सांगणे प्राप्त आहे. पहिली ही की फाटकाबाहेर उभा असलेला मनुष्य सहजच स्वतःस निर्दोष व आतील मनुष्यास अपराधी समजू लागतो. परूशी व जकातदार यांच्या दृष्टांतातील परूशीही उभा राहूनच प्रार्थना करीत होता. मौनात स्वतःच्या पापाचा अंगीकार नसेल तर ते मौनही बढाई होते. आणि शब्दावाचून ते परीक्षिण्यास अवघड, म्हणून अधिक धोक्याचे.

दुसरी उणीव १९६९ सालच्या उदाहरणाने स्पष्ट होते. त्या वर्षी ‘ए क्वेकर ॲक्शन ग्रुप’ या गटाने वॉशिंग्टनमध्ये कॅपिटॉलच्या पायऱ्यांवर व्हिएतनाम युद्धातील मृतांची नावे वाचली व त्यासाठी अटक सोसली. मौनात मृतांच्या नावांची भर पडली ही मोलाची गोष्ट होय. मध्यस्थीच्या प्रार्थनेस नावे हवीतच. परंतु ती यादी अमेरिकन सैनिकांची होती. व्हिएतनामी मृतांची नावे तीत नव्हती. शत्रूसाठी प्रार्थना करा अशी ज्याची आज्ञा, त्याच्या पुढे एकाच पक्षाच्या मृतांचा उच्चार अपुरा पडतो.

आमच्या मंडळ्यांनी यातून काय घ्यावे? एकदाच काढलेल्या मोठ्या मिरवणुकीपेक्षा दर आठवड्यास चौघांनी पाळलेला तास अधिक विश्वासू. गावात दंगल झाली असो वा सीमेवर तोफा धडाडत असोत, त्या तासाचा आरंभ पापांगीकाराने व्हावा आणि दोन्ही बाजूंच्या मृतांची, मिळतील तेवढी, नावे देवापुढे ठेवली जावीत. पहिल्या आठवड्यास पुष्कळ जण येतील. दहाव्या आठवड्यास पाळक व कॅटेकिस्ट हे दोघेच उरले तर त्यांनी निराश होऊ नये. दोघे किंवा तिघे जेथे जमतात तेथले वचन त्यांच्यासाठीच आहे.