दुसरी कळशी

परीकथेतल्या मुलीला जादू मिळते ती बहुधा दुसऱ्याकडून. कोणी परी प्रसन्न होते, रानात एखादी म्हातारी भेटते, नाहीतर अंगठी सापडते. कर्नाटकातल्या एका लोककथेत यातले काहीच घडत नाही. नुकत्याच वयात आलेल्या दोन बहिणी आहेत आणि मोलमजुरी करून त्यांना वाढवणारी म्हातारी आई आहे. एके दिवशी धाकटी थोरलीला सांगते, की आईचे कष्ट मला बघवत नाहीत. मी फुलांचे झाड होते, तू फुले तोड आणि विकून ये. ही विद्या तिला कोणी दिली, कधी उमगली, याबद्दल कथा एक अक्षर बोलत नाही. सांगते ती फक्त कृती.

कृती अशी. घर झाडून-धुऊन स्वच्छ करायचे, आंघोळ करायची. विहिरीवरून दोन कळश्या पाणी आणायचे, पण पाण्याला नख लागू द्यायचे नाही. मुलगी ध्यान लावून बसेल. एक कळशी तिच्यावर ओतली की ती फुलांनी डवरलेले झाड होईल. फुले हवी तेवढी तोडा, मात्र एक पान फाटता कामा नये, एक डहाळी मोडता कामा नये. मग दुसरी कळशी ओतायची, की झाडाची पुन्हा मुलगी.

ही कथा आपल्यासारख्या परदेशस्थांपर्यंत पोचली ती ए. के. रामानुजन यांच्यामुळे. १९२९ साली म्हैसूरला जन्मलेले रामानुजन बेळगावच्या लिंगराज कॉलेजात इंग्रजी शिकवत होते, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्र शिकले, १९६३ मध्ये इंडियाना विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली आणि पुढे १९९३ मध्ये निधन होईपर्यंत शिकागो विद्यापीठात होते. घरी तमिळ, गावात कन्नड आणि पोटापाण्यासाठी इंग्रजी अशा तिहेरी संसारात त्यांनी कन्नड बायकांच्या तोंडच्या कथा वर्षानुवर्षे गोळा केल्या. निधनानंतर चार वर्षांनी, १९९७ मध्ये, त्यांचा 'अ फ्लॉवरिंग ट्री अँड अदर ओरल टेल्स फ्रॉम इंडिया' हा संग्रह कॅलिफोर्निया विद्यापीठाने छापला. गिरीश कर्नाडांचे 'नागमंडल' अनेकांना माहीत असेल. त्याच्या मुळाशी असलेल्या लोककथाही कर्नाडांना रामानुजनांकडूनच मिळाल्या होत्या.

रामानुजनांनी या कथेवर एक निबंधही लिहिला आहे. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा. पुरुषाभोवती फिरणारी कथा लग्नापाशी संपते, कारण तिथे राजकन्या हे बक्षीस असते. बायकांनी बायकांना सांगितलेली कथा लग्नानंतर खरी सुरू होते. आपल्याकडच्या श्रावणातल्या कहाण्या, भोंडल्याची गाणी, जात्यावरच्या ओव्या आठवून पाहा, म्हणजे हे लगेच पटेल. त्यांचे दुसरे निरीक्षण असे, की मुलगी या कथेत पाच वेळा रूप पालटते आणि ज्या वेळी ती फुललेली असते त्याच वेळी सर्वांत असहाय असते. झाडाला पळता येत नाही, ओरडता येत नाही.

ही पाच रूपांतरे नीट पाहण्यासारखी आहेत. कारण कृती दर वेळी तीच असते, बदलतो तो पाणी ओतणारा.

पहिल्या वेळी थोरली बहीण असते. ती सांगितल्याबरहुकूम सगळे करते. फुलांच्या माळा राजवाड्यात विकल्या जातात, पैसे येतात, पण मुली ते आईपासून लपवून ठेवतात. इकडे राजपुत्र फुलांच्या मागावर येतो, झाडावर लपून सारा प्रकार पाहतो आणि याच मुलीशी लग्न करायचे ठरवतो. राजवाड्यातून बोलावणे येताच आईच्या पोटात धस्स होते. घरी येऊन ती मुलींना केरसुणीने झोडपते. पैसे कुठून आले, कोणाबरोबर जाता, हे तिचे प्रश्न. मुलगी झाड होते यावर तिचा विश्वास बसत नाही. शेवटी मुलीला आईसमोर झाड होऊन दाखवावे लागते. हे दुसरे रूपांतर. जिच्यासाठी हा सारा खटाटोप केला, तिच्यापुढेच निर्दोष असल्याचा पुरावा म्हणून तिला फुलावे लागते. कथा या प्रसंगात रेंगाळत नाही, पण मला तो साऱ्या कथेतला सर्वांत खरा प्रसंग वाटतो. वयात आलेल्या मुलीच्या हातात अनोळखी पैसा दिसला की गरीब आईच्या मनात आधी भीतीच येणार.

तिसऱ्या वेळी नवरा असतो. लग्नानंतर तो तिच्याशी बोलतच नाही. अखेर तिनेच विचारल्यावर म्हणतो, झाड होऊन दाखवशील तर बोलेन. ती गयावया करते, मी साधी माणूस आहे म्हणते. त्याने तर चोरून पाहिलेले असते. डोळे पुसून ती कृती सांगते. मग रोज रात्री हा खेळ चालतो आणि सुकलेल्या फुलांचा ढीग खिडकीबाहेर साठतो. नवरा पाणी नीट ओततो, डहाळीही मोडत नाही. पण जी गोष्ट तिने आईसाठी आपणहून केली होती, तिची इथे अट झाली आहे.

चौथ्या वेळी धाकटी नणंद असते. ढीग पाहून तिला संशय येतो. ती वहिनीला मैत्रिणींबरोबर बागेत नेते आणि झाड होण्याचा हट्ट धरते. वहिनी पुन्हा सगळे समजावून सांगते. पोरींचे लक्ष नसते. फुले ओरबाडली जातात, पाने फाटतात, डहाळ्या मोडतात. पाऊस येतो, तेव्हा उरलेले पाणी कसेबसे शिंपडून त्या घरी पळतात. मागे राहते ती ना झाड, ना माणूस. हात नाहीत, पाय नाहीत, नुसते धड. रामानुजन तिला इंग्रजीत 'वस्तू' म्हणतात.

पाचव्या वेळेची हकिगत लांब आहे, ती आटोपती घेतो. ही 'वस्तू' एका गाडीवानाच्या दयेने थोरल्या नणंदेच्या गावी पोचते. बायकोच्या शोधात वेडापिसा झालेला नवराही भटकत तिथेच येतो. तिच्या स्पर्शावरून तो तिला ओळखतो आणि तिच्याच सांगण्यावरून पहिली कळशी ओततो. मोडलेल्या फांद्या एकेक जुळवतो, बांधतो, पाने सारखी करतो आणि मग दुसरी कळशी ओततो. ती पूर्ववत होते.

आमच्या धंद्यातल्या मंडळींना यात एक ओळखीची गोष्ट दिसेल. एखादे काम उलटवता यायला हवे असेल, तर मधल्या काळात काही हरवता कामा नये. मूळ स्थितीतला एक तुकडा गळाला तरी परतीची कृती बिनचूक करूनही मूळ वस्तू हाती येत नाही. नणंदेने दुसरी कळशी काळजीपूर्वक ओतली असती तरी मुलगी पुरती परत आली नसती, कारण फांद्या आधीच मोडल्या होत्या. आणि परत येण्याचे काम मुलीला स्वतः करताच येत नाही. विद्या तिची, नियम तिचे, शरीर तिचे. दुसरी कळशी मात्र कायम दुसऱ्याच्या हातात.

माझ्या मते कथेचा गाभा इथे आहे. रामानुजनांचा भर स्त्रीच्या वाणीवर आणि कर्तेपणावर आहे, आणि तो योग्यच आहे. पण ही मुलगी गप्प कधीच नसते. प्रत्येकाला ती त्याच सूचना त्याच स्पष्टपणे देते. तिच्या सांगण्यात उणे काही नाही. दर वेळी कसोटी लागते ती ऐकणाऱ्याची. म्हणून मला ही कथा जादूपेक्षा सोपवण्याची वाटते.

भाषेचाही थोडा विचार करावा. संस्कृतात आणि जुन्या मराठीत ऋतुमती मुलीला पुष्पवती म्हणतात, याकडे रामानुजनांनीही लक्ष वेधले आहे. मराठीत आणखी एक शब्द आहे, 'न्हाण येणे'. म्हणजे पाणी आणि फूल, कथेतल्या दोन्ही वस्तू, मुलगी मोठी होण्याच्या आपल्या शब्दांतच आहेत. नखाचेही तसेच. पाण्याला नख लागू न देण्याची अट प्रथम विचित्र वाटते. पण 'गळ्याला नख लावणे' म्हणजे जीव घेणे हे आपल्याला माहीत आहे. कन्नड बायकांच्या मनात हाच अर्थ होता असा दावा मी करणार नाही. मराठी कानाला तो ऐकू येतो, एवढे खरे.

याच कथेवर अमेरिकन संगीतकार जॉन अ‍ॅडम्स यांनी ऑपेरा रचला. मोझार्टच्या जन्माला २५० वर्षे झाली म्हणून व्हिएन्नात २००६ मध्ये पीटर सेलर्स यांनी महोत्सव भरवला, त्यात नोव्हेंबरमध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शन सेलर्स यांचे, संहिता दोघांची. मोझार्टच्या १७९१ च्या 'मॅजिक फ्लूट'शी त्यांनी ही कथा जोडली, कारण तिथेही तरुण जोडपे परीक्षांमधून जाते. कथेतल्या निनावी मुलीला ऑपेरात 'कुमुदा' हे नाव मिळाले. गायक तीनच: कुमुदा, राजपुत्र आणि कथेकरी. समूहगान व्हेनेझुएलाच्या गायकांचे, तेही स्पॅनिशमध्ये. सोबत जावा बेटावरचे नर्तक.

ही यादी वाचून कोणी नाक मुरडेल, की आपल्या कथेची भेळ केली. मला ती तक्रार पटत नाही. एका गावची कथा दुसऱ्या गावी जाताना कपडे बदलतेच, आणि आपण परदेशात राहणाऱ्यांनी तरी त्याबद्दल कुरकुर करू नये. शिवाय झाड होण्याच्या प्रसंगी संगीत अशी कामगिरी करते, जी शब्दांना जमत नाही. कथेत 'ती झाड झाली' हे एक वाक्य असते. वाद्यवृंद ते मिनिटामिनिटाने घडवतो. मुलीच्या अंगात काहीतरी तिच्याहून मोठे शिरते आहे हे ऐकताना कळते, आणि थोडी भीतीही वाटते.

माझी तक्रार वेगळी आहे. कथेकऱ्याचा आवाज पुरुषाचा आहे, भारदस्त आणि खालच्या पट्टीतला. संध्याकाळी स्वयंपाकघरात मुलांना भरवताना आजीने सांगायची ही कथा. ती सांगताना आजी नातीला आडून काही बजावत असते: कृती सांगशील तेव्हा कोणाला सांगतेस ते बघ. पुरुष कथेकऱ्याच्या तोंडी हे बजावणे उरत नाही, एक सुंदर आख्यान उरते. 'मॅजिक फ्लूट'च्या नात्याने राजपुत्र आणि कुमुदा हे एकाच परीक्षेचे दोन भागीदार ठरतात. मूळ कथेत तसे नाही. तिथे लपून पाहणारा, अट घालणारा आणि फुलांचा ढीग खिडकीबाहेर साठू देणारा राजपुत्रच आहे. नणंदेच्या हातात ती विद्या पोचली ती त्याच्या हौसेमुळे.

अर्थात मूळ कथाही इथे पुरती न्यायी नाही. शेवटी राजा धाकट्या मुलीला जळत्या चुन्याच्या खड्ड्यांत लोटतो आणि लोक म्हणतात, केल्या कर्माचे फळ मिळाले. शिक्षा भोगते ती आणखी एक कोवळी मुलगी. नवऱ्याचा हिशोब कोणी मागत नाही. मात्र कथेने त्याला एक काम दिले आहे, फांद्या जुळवण्याचे. ग्रीक पुराणातली डॅफ्नी अपोलोपासून सुटण्यासाठी लॉरेलचे झाड होते आणि कायम झाडच राहते. अपोलो तिच्या पानांचा मुकुट घालून मिरवतो. आपल्या कथेतल्या पुरुषाला मिरवून भागत नाही. त्याला खाली बसून तुटलेले देठ शोधावे लागतात, ते कुठे आणि कसे जुळवायचे हे तिला विचारावे लागते. बायकांनी रचलेल्या कथेतले हे शहाणपण मला ऑपेरातल्या मीलनापेक्षा मोठे वाटते.

आता हे सारे आपल्या पुरवणीत कशासाठी? आपल्या घरांत चौदा-पंधरा वर्षांच्या मुली आहेत आणि त्यांना काही ना काही येते. कोणी गाते, कोणी भरतनाट्यम करते, कोणी गणितात पुढे आहे. पाहुणे आले की 'जरा म्हणून दाखव गं', गणेशोत्सव आला की रंगमंच, कॉलेजचा अर्ज भरायची वेळ आली की त्याच गुणाची अर्जातली ओळ. यात वाईट हेतू कोणाचाच नसतो. आईबापांना अभिमान असतो, आणि इथे आपण उपरे आहोत तेव्हा मुलीने दुप्पट चमकले पाहिजे अशी एक धास्तीही असते. पण फुललेल्या झाडाभोवती गर्दी करणे सोपे आहे. कार्यक्रम संपल्यावर तिला पुन्हा साधी मुलगी होऊ देणे, जिला आज गावेसे वाटत नाही, जिला उद्यापासून नाच सोडायचा आहे, हे दुसऱ्या कळशीचे काम आहे, आणि त्याला टाळ्या नाहीत.

कथेतली थोरली बहीण बघा. तिला नाव नाही, जादू नाही, राजपुत्र नाही. धाकटीच्या लग्नानंतर कथाही तिला विसरते. पण सगळ्या कथेत सांगितल्याबरहुकूम पाण्याला नख लागू न देणारी पहिली तीच. ही कथा घरी मुलींना वाचून दाखवावी, इंग्रजीतून का होईना. वाचताना त्यांना विचारावे, की तुमची कळशी तुम्ही कोणाच्या हातात द्याल. उत्तरात आपले नाव येईलच असे गृहीत धरू नये.