‘यंत्राला दिशा कळते’ : एका वाक्याची तपासणी

‘फोनला दिशा कळते’ हे वाक्य आता इतकं रुळलंय, की त्यात तपासण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटत नाही. आज आपण तेच तपासू. चुंबकसूचीचा विषय वेगळा. आज फक्त रेडिओ लहरींबद्दल बोलायचं आहे. आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. रेडिओ लहरींवरून एखाद्या यंत्राचा रोख, म्हणजे त्याचं तोंड कुठे आहे, हे काढता येतं. पण तो रोख त्या एकट्या यंत्राचा गुण नसतो. तो दोन यंत्रांमधला संबंध असतो, आणि तोही काही अटींवर काढलेलं अनुमान असतो.

उदाहरण आपल्या ओळखीचं घेऊ. द्रुतगती मार्गावरचा उर्से टोलनाका. काचेवर चिकटवलेल्या फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. वरचा रीडर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या लहरी सोडतो, त्याच लहरींच्या शक्तीवर टॅग जागा होतो आणि आपला क्रमांक परत पाठवतो. आता या टॅगचा अँटेना एका रेषेत असतो. रीडरच्या लहरी एकाच प्रतलात, समजा उभ्या, कंप पावत असतील आणि टॅग आडवा असेल, तर त्याला जवळजवळ काहीच मिळणार नाही. म्हणून अशा रीडरमध्ये सहसा वर्तुळाकार ध्रुवण वापरतात, म्हणजे कंपनाची दिशा सतत फिरती ठेवतात. त्यापायी साधारण निम्मी शक्ती सोडून द्यावी लागते. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. लहरीत टॅगच्या रोखाची खूण होती. आपणच ती मुद्दाम पुसली, कारण नाक्याला टॅगच्या क्रमांकाशी मतलब आहे, त्याच्या रोखाशी नाही.

उलट जिथे दिशाच हवी, तिथे काय करतात? दोन अँटेना शेजारी शेजारी ठेवतात. लाट समोरून आली तर दोघांवर एकाच वेळी पोचते. बाजूने आली तर एकावर किंचित आधी. हा फरक लाटेच्या कलेत दिसतो, म्हणजे एकीकडे ती चढावर असते तेव्हा दुसरीकडे माथ्यावर. त्यावरून कोन निघतो. खोडदची महाकाय दुर्बीण ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांमधून आकाशातल्या स्रोताची जागा शोधते, ती मुळात याच हिशोबावर. २०१९ साली ब्लूटूथच्या ५.१ आवृत्तीत हीच युक्ती आली. तिथे तरंगलांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, त्यामुळे अँटेना सहा सेंटिमीटरच्या आत बसतात.

पण एवढ्यावर कळलं काय? दुसरं यंत्र माझ्या कोणत्या बाजूला आहे, इतकंच. त्याचं तोंड कुठे आहे, हे नाही. समजा उर्स्याच्या माळावर दोघे उभे आहेत. पहिला म्हणतो, ‘तू माझ्या अगदी समोर आहेस.’ दुसरा म्हणतो, ‘तू माझ्या उजव्या हाताला आहेस.’ ही दोन वाक्यं एकत्र आली की लगेच ठरतं: पहिल्याचं तोंड उत्तरेला असेल, तर दुसऱ्याचं पूर्वेला. एकट्याच्या वाक्यातून हे कधीच निघालं नसतं. आणि दोघांनी सांगितल्यावरही, त्यांना जोडणाऱ्या रेषेभोवती यंत्र किती कलंडलं आहे, हे राहतंच. तिथे मघाशी पुसलेलं ध्रुवण कामाला येतं. तेही कंपनाची रेघ सांगतं, रेघेचं टोक सांगत नाही. सुलटं आणि उलटं त्याला सारखंच.

इथे कांट आठवतो. १७८६च्या निबंधात तो म्हणतो, की ओळखीच्या अंधाऱ्या खोलीत एका वस्तूला हात लागला की आपल्याला बाकीची खोली उमगते, कारण डाव्या-उजव्याचा भेद आपण देहात बाळगतो. यंत्राला असा देह नाही, म्हणून काहीजण कांटला मोडीत काढतात. आम्हाला हे घाईचं वाटतं. त्या दोन अँटेनांच्या तारांची अदलाबदल करा. यंत्र तितक्याच आत्मविश्वासाने डाव्याला उजवं म्हणेल. त्याचा डावा-उजवा कुणा माणसाने कारखान्यात ठरवलेला असतो. कांटचा देह गेलेला नाही, तो तारांच्या जोडणीत लपलाय. आपल्या वैशेषिकांनीही दिक् हे द्रव्य एकच मानलं. पूर्व-पश्चिम हे भेद उपाधीमुळे, सूर्याच्या संबंधाने. संबंध काढून घेतला की भेद उरत नाही.

दुसरी गोष्ट नैयायिकांची. यंत्राला प्रत्यक्ष होते ती फक्त कला. कोन हे अनुमान. ‘जिथे अग्नी तिथे धूर’ हे ओल्या सरपणाच्या अटीशिवाय खरं नाही, तसंच ‘लाट जिकडून आली तिकडे स्रोत’ हे लाट सरळ आली असेल तरच खरं. शेजारी कंटेनर उभा असेल, बोगद्याची भिंत असेल, तर लाट तिथून उसळून येते. यंत्र खोटं बोलत नाही. लाट खरोखर तिकडूनच आली. खोटा असतो आपला निष्कर्ष.

आता कुणी म्हणेल, अभियंत्यांना हे सगळं माहीत असतं. अर्थात! ते जास्त अँटेना लावतात, अनेक वारंवारता तपासतात, कॅमेऱ्याची आणि हालचाल मोजणाऱ्या साधनांची मदत घेतात. आमची तक्रार त्यांच्या गणिताबद्दल नाहीच. तक्रार आहे ती पडद्यावरच्या बाणाबद्दल. गणितात शंका असते, बाणात ती उरत नाही. शेजारच्या रांगेतल्या गाडीचा टॅग चुकून वाचला गेला, तर पैसे कापले जातात ठामपणे, आणि खुलासा मात्र गाडीवाल्याने करायचा. पावसाळ्यात लोणावळ्याच्या धुक्यात कुणाला शोधायचं असेल, तर कड्यावरून उसळलेल्या लाटेमागे जाणारा बाण चुकीच्या दरीत नेऊ शकतो.

म्हणून बाण दिसला की तीन प्रश्न विचारावेत. कुणाच्या संदर्भाने? दुसऱ्या बाजूने उत्तर दिलंय का? आणि लाट सरळ आली हे कशावरून? याची उत्तरं देणारं यंत्र बनवणं अवघड नाही. बाणाशेजारी शंकेची रुंदी दाखवली तरी पुष्कळ झालं. जे यंत्र ती दाखवत नाही, त्याला दिशा कळते असं आम्ही म्हणणार नाही. ते फक्त बोट दाखवतं.